थांबायची जागा

अब्बांना मोबाईल नीट धरता येत नाही,
चिमणीचं पिल्लू ठेवावं तसा तळहातावर ठेवतात.
असरनंतर आमच्या ओट्यावर मुदस्सिरने तो तसाच ठेवला
आणि म्हणाला, हाफिजसाब, हे खरं आहे का?

पडद्यावर वाळू. काळा झेंडा. तोंड बांधलेला एक माणूस.
दुसरा गुडघ्यांवर, त्याचं तोंड उघडं.
बांधलेला खड्या आवाजात आयत म्हणत होता.

अब्बांनी डोळे मिटले. मला वाटलं, बघवेना.
पण ते ऐकत होते,
चाळीस वर्षं कंधारच्या पोरांचं ऐकतात तसे,
मान डावीकडे कलती, उजवा कान बरा म्हणून.
मग म्हणाले,
"चुकीच्या जागी थांबला."

मी झेडपीच्या शाळेत मराठी शिकवते. सातवीला विरामचिन्हं.
तरी राग आला.
तिकडे माणसाच्या गळ्यावर सुरी
आणि इकडे व्याकरण!

अब्बा पोराशी बोलत होते.
"नमाजाच्या जवळ जाऊ नका. इथं थांबलास तर?"
तर नमाजच नको, मुदस्सिर हसला.
"पुढं म्हण."
नशेत असाल तेव्हा.
"हां. शब्द सगळे अल्लाहचे,
थांबणं तेवढं तुझं.
हिशेब त्या थांबण्याचा द्यायचाय."

मग बोट पडद्याकडे, पण त्याला न लावता:
"हा 'मारा'वर थांबला.
आधीची आयत कुठं टाकली, हद्द ओलांडू नका, ती?
आणि पुढची, ते थांबले तर अल्लाह माफ करणारा, ती?
ह्याला कुराण पाठ नाही, बेटा.
ह्याला तुकडे पाठ आहेत."

जुम्म्याला मिंबरवर त्यांनी त्या आयती सलग म्हटल्या,
एका दमात नाही, दम आहे कुठे आता,
पण जिथे थांबायचं तिथेच थांबत.
म्हणाले, हे लोक आपले नाहीत म्हणणं सोपं आहे.
ग्रंथ आपलाच त्यांनी हातात घेतलाय,
म्हणून चूक दाखवणं माझ्याकडे लागतं.

वखारीचे रहीमोद्दीन सुन्नत न पढताच निघून गेले.
चपला घालताना मोठ्याने म्हणाले,
आपण कशाला सफाई द्यायची? आपण काय केलंय?
रात्री भाकरी मोडताना अब्बा म्हणाले, त्याचं बरोबर आहे.
मी सफाई देत नव्हतो.
पुढे बोलले नाहीत. आमटी गार झाली.

नांदेडहून वार्ताहर आला. टोपी सरळ करायला लावली,
मागे किल्ला येईल असं उभं केलं.
रविवारी पेपरात:
"ग्रंथ आपलाच" – मौलानांची कबुली.

अब्बांना देवनागरी येत नाही. मी वाचून दाखवलं.
मान डावीकडे.
मग इतके हसले की ठसका लागला,
पाणी आणेपर्यंत डोळ्यांत पाणी.
"हा पण," म्हणाले, "हा पण."

हवालदार दोनदा येऊन गेला. व्हिडिओ कुणी आणला?
अब्बा म्हणाले, पाहिला मी. माझं नाव लिहा.
त्याने लिहिलं. चहा घेतला. जाताना विचारलं,
तरी पण, पोरगा कोण?

सोमवारी मी फळ्यावर लिहिलं:
मारू नका सोडा
आणि म्हटलं, स्वल्पविराम द्या.
तेहतीस वह्या. काहींनी "मारू"नंतर दिला,
काहींनी "नका"नंतर,
मागच्या बाकावरच्या सोनालीने दिलाच नाही.
म्हणाली, बाई, आधी माणूस कोण ते सांगा ना.

मुदस्सिर अकरा दिवस आलेला नाही.
त्याची आई म्हणते, ताप आहे.
असरनंतर अब्बा त्याची रेहाल उघडून ठेवतात,
पानावर चिंचेचा पाला पडतो, तो फुंकून टाकतात,
आणि ओट्यावरून गल्लीच्या तोंडाकडे
उजवा कान करून बसतात.