दुसरी टाकी

आधी कळलं ते कुत्र्याला.
सर्जेकोटच्या जेटीमागे
सुकत घातलेल्या बांगड्यांच्या वासातूनही
त्यानं वेगळा वास काढला,
माझ्या जीपमागच्या चाकांवरच्या खोलीखाली जाऊन बसला
आणि वर बघत राहिला.
थेंब पडत होता.

भांड्यांचं, आंघोळीचं, चूळ भरल्याचं पाणी.
चार दिवसांचं माझं एकटीचं राहणं
रेतीत काळं वर्तुळ करून मुरत होतं.

एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली मी,
खांबांवरचे दोष शोधले, खालचे नाही.
मोरीत गेलं ते संपलं,
इतकंच शिकलो आपण घरात.
इथं ते संपत नाही.
लिटरला किलो.
ऐंशी किलो माझ्यामागून फिरत होतं
पत्र्याच्या दोन पट्ट्यांवर,
आणि खाऱ्या हवेनं त्या पट्ट्यांना
आंबोळीसारखी जाळी पाडलेली.
शेजारीच दुसरी टाकी,
जिचं नाव चारचौघांत काढत नाहीत.
तिच्याकडे मी बघितलंच नाही.

पास्कू मेस्त होड्या दुरुस्त करतो.
पाठीवर सरकत आत गेला, पाय तेवढे बाहेर,
फणस पारखावा तशी टाकी बोटांनी वाजवत गेला.
एके ठिकाणी आवाज बदलला.
'हयसर.'
निचऱ्याच्या नळीच्या मुळाशी केसाएवढी चीर.
मी म्हटलं, बुजवून टाका.
'भोक मगे. आधी टेको.
प्वॉट लोंबता तिचा, शिवण उसवतलीच.'

मला घाई होती. माझ्या हट्टानं
त्यानं होडीला लावतात तसं
काचेचं कापड लावलं, राळ फासली.
सकाळी अख्खं सुटून हातात आलं,
उकडलेल्या अंड्याचं टरफल यावं तसं.
तो ओशाळला नाही.
टाकीची एक साल नखानं काढली, काडी लावली, हुंगली.
मेणबत्तीचा वास.
'हिका राळ धरणा नाय.
हिका हिच्याच जातीचा व्हया.'

मग जाळ्यांच्या ढिगामागून
फुटक्या निळ्या पिंपाचा तुकडा आला.
चिरेच्या दोन्ही टोकांना त्यानं बारीक भोकं पाडली.
चीर बुजवायची ती, आणखी भोकं कशाला?
'वाट संपली, ह्यां तिका कळूक व्हया.'
तापलेल्या सळईनं निळं काळ्यात विरघळवत गेला,
वितभर चिरेला पाऊण तास.

आणि त्याआधी, हो, टेका.
चिऱ्याच्या तुकड्यावर जॅक, जॅकवर फळी,
टाकी दोन बोटं वर आली तेव्हा
खोलीतल्या कपाटाचं दार आपोआप मिटलं,
जे मी वर्षभर दोरीनं बांधत होते.
खालून ट्रॉलरच्या अँगलच्या दोन पट्ट्या,
मध्ये ट्रकच्या ट्यूबचे तुकडे,
लोखंड प्लास्टिकला घासू नये म्हणून.
बॅटरी धरून मी त्याच्या शेजारी उताणी,
एकसष्ट वर्षांची, केसांत रेती,
माझ्याच सांडपाण्याकडे बघत.
एवढ्या जवळून ते कधी पाहिलं नव्हतं.

रात्री टाकीत निळीचं पाणी भरलं,
खाली गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेची पानं.
सकाळी सप्टेंबर कोरडा होता.
त्यावरून एक कुर्ली तिरकी गेलेली,
एकादशीवर थोडी थांबलेली.

मी पाकीट काढलं. तो हात धुत राहिला.
'घाट चढान जा. मगे पैशे.
हय उभी असताना कोणय गळणा नाय.'

फोंडा घाटात तिसऱ्या वळणावर
मागच्या ट्रकांच्या शिव्या खात थांबले,
गुडघे टेकून हात आत घातला.
तळहातावर लाल धूळ. नुसती धूळ.
त्याचाच फोटो पाठवला, आणि पैसे.

दाजीपूरला रेंज आली.
पास्कूचं उत्तर येऊन पडलं होतं,
दोनच शब्द:
'आणि दुसरी?'

बॅटरी कुठं ठेवली मी.