मावळतीचं गिऱ्हाईक

महाद्वार रोडला, डाव्या अंगाला, आमचं दुकान.
ओटीचं. सहा फूट बाय साडेचार.
सासऱ्यांच्या काळात पाटी नव्हती,
लोक नुसतं म्हणायचे, बोंगाळ्यांच्यात चपला काढा.
आता चपलेचे दहा रुपये,
आणि पाटी आहे, पोरानं लावलेली,
लाल अक्षरं पळतात तिच्यात, दमतच नाहीत:
ओटी साधी, ओटी स्पेशल, ओटी महाराणी.

महाराणी म्हणजे काय हो, विचारतात बायका.
खण जरा भारी, सांगते मी, बांगड्या डझनभर,
आणि खोक्याला खिडकी.
त्या खिडकीचेच पंचाहत्तर आहेत, हे सांगत नाही.

नारळ मात्र सगळ्यांत तोच.
तोच म्हणजे अगदी तोच.
एका श्रावणात मी एका शेंडीला हिरवा दोरा बांधला,
उगाच, हाताला काम नव्हतं म्हणून.
मंगळवारी तो गेला इचलकरंजीच्या बाईबरोबर,
लेकीचं जमत नव्हतं तिच्या.
गुरुवारी पोत्यातनं परत.
शुक्रवारी एका डॉक्टरांच्या परडीत,
रविवारी पुन्हा माझ्या पुढ्यात.
अकरा फेऱ्या मोजल्या, मग मोजणं सोडलं.
अकरा जणांचं गाऱ्हाणं एका करवंटीत,
पाणी कधीच आटलेलं,
हलवला की आत नुसतं खुळखुळतं काहीतरी.
तो मी मागच्या फळीवर ठेवलाय.
विकवत नाही. फोडवतही नाही.

कार्तिकात मापं घ्यायला आल्या
कॉलेजच्या दोन पोरी, तिपाई आणि दुर्बीण घेऊन.
रंकाळ्याकडनं निघालेली तिरीप
देवीपर्यंत जाताना कुठंकुठं अडते,
वहीत लिहीत होत्या:
लॉजचा जिना, पाण्याची टाकी, केबलचं भेंडोळं,
'आणि काकी, तुमची पाटी. नऊ इंच.'

पोरगा म्हणाला, सूर्य काय भाडं देतो व्हय आपल्याला?
त्याचंही खोटं नाही.
पाटीचा हप्ता आहे, पलीकडच्याची ह्याहून मोठी आहे,
आणि लवकर आत सोडवतो म्हणणारा संतराम
फोन कानाला लावून फिरतोच आहे,
माणशी दोनशे, म्हाताऱ्यांना सूट.

पण हे एक गिऱ्हाईक असं,
की पास काढत नाही, भाव करत नाही,
वर्षातनं दोनदा येतं, रिकाम्या हातानं,
आणि त्याला आम्ही कुणीच
'या, इकडं या, ओटी घ्या' म्हणत नाही.

त्या दिवशी पोराला गांधीनगरला माल आणायला धाडलं.
स्टुलावर चढले, पान्यानं एक बाजू सोडवली.
एवढंच जमलं. पाटी लोंबली तिरकी,
अक्षरं पळतच होती, आता उतारानं,
महाराणी घसरत होती गटाराकडं.

पाचला रस्ता गच्च.
मोठ्या पडद्यावर आतलं दाखवत होते.
सगळ्यांची तोंडं पडद्याकडं,
आणि खरं ऊन त्यांच्या पाठीवर.
पाय उजळले. टाळ्या.
गुडघे. मोबाईल वर झाले.
मग ढग आला.

माझे नऊ इंच कामी आले की वाया गेले,
कुणाला विचारायचं?
वही घेऊन त्या पोरीही निघून गेल्या.

रात्री पोरगा आला, पाटी बघितली,
काही न बोलता पाना उचलला.
म्हटलं, माघापर्यंत राहू दे.
माघात परत येणाराय तो.
'कोण?'

तेवढ्यात एक बाई थांबली, कडेवर लेकरू,
बोट मागच्या फळीकडं:
तो हिरव्या दोऱ्याचा केवढ्याला?

मी फळी आडवून उभी राहिले.
'तो नको, ताई,' म्हटलं.
'या, इकडं या.
महाराणी बघा.'