सोडायचा शब्द

कॅम्पातले साहेब बदली होऊन गेले, आसामकडं कुठं.
सुमित्रा त्यांच्याकडं पोळ्या लाटायची.
बाईंनी तिला दोन स्टीलचे डबे दिले, एक टेबलफॅन,
आणि पट्ट्यासकट रस्टी.
"हिला सगळं कळतं," बाई म्हणाल्या, "फक्त इंग्रजीत सांगा."

वडगावात, आमच्या गल्लीत, आठ दिवसांत
तिची रेशमी झाली.
आम्ही साडीवाले, जिभेला दुसरं वळण नाही.
'सिट' म्हटलं की बसायची,
'बा' म्हटलं की शेजारच्या गंगव्वाकडं जायची,
'ये गं' म्हटलं की आमच्याकडं.
ज्याच्यावरनं या गावात दगड उडाले
ते तिनं भाकरीच्या दोन तुकड्यांत मिटवलं.

सोबत आलेलं खाण्याचं पोतं बारा दिवस पुरलं.
धाकट्यानं त्यातली एक गोळी चावून बघितली,
म्हणाला, बरी हाय.
मग ताकात कुस्करलेली भाकरी,
शुक्रवारी हसनसाबच्या दुकानातनं कोंबडीचे पाय.
पाय तो फुकट देतो, पण
फुकट मागायला दर खेपेला नवं तोंड लागतं.

माग चार होते. दोन किलोवर गेले.
लोखंडाला भाव होता, साडीला नव्हता.
सुरतेची अख्खी साडी
आमच्या नुसत्या सुताच्या किमतीत दुकानात येते.
उरलेल्या दोनातला एक बंद.
एक चालतो,
त्याच्या पायाशी रेशमी झोपते.
आवाजानं ती कधी उठत नाही,
आवाज थांबला की उठते.
लाईट गेली की मान वर.

गोचिडाचा ताप आला तेव्हा
सुया, सलाईन धरून चौदाशे झाले.
सोसायटीचा हप्ता तेराशे.
मी बेरीज केली नाही. सुमित्रानंही नाही.
त्या महिन्यात सिलिंडर आला नाही
आणि घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही.

नंतर एका मंगळवारी मीच ठरवलं.
बापूच्या टेम्पोतनं, देसूरच्या अलीकडं, ढाब्यावर.
तिथं हाडं असतात, पाणी आहे, सावली आहे,
मालक भला दिसतो,
असं वडगावपासनं मनात घोकत गेलो.
चिंचेखाली तिला म्हटलं, "सिट."
बसली.
"स्टे," म्हटलं.
हा शब्द मी पहिल्यांदाच वापरत होतो.

टेम्पो वळला. मागं बघितलं नाही
असं सांगणार होतो तुम्हाला. बघितलं.
ढाब्यावरची दोन कुत्री तिच्यावर भुंकत होती,
समोर हाड पडलं होतं,
आणि ती बसली होती, तशीच, टेम्पोकडं तोंड करून.
माझ्या शब्दाला इतकी किंमत आजवर
ना व्यापाऱ्यानं दिली, ना सोसायटीनं.

रेल्वे फाटकापासनं परत आलो.
"चल," म्हटलं. शेपटी हलली. ती हलली नाही.
"ये गं." "बा." "ऊठ की, बाई."
पट्टा ओढला तर डोळे मिटून घेतले,
पण बूड जागचं उचललं नाही.
बसवायचा शब्द मला ठाऊक होता,
सोडायचा नव्हता.

पोरं हसायला लागली.
मी तिच्या शेजारी धुळीत बसलो, फोन लावला.
विचारलं, "बाई हिला उठवताना काय म्हणायच्या?"
सुमित्रा बराच वेळ गप्प.
मागं गंगव्वाच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.
"कुठं हाय तुम्ही?"
मी बोललो नाही.
मग तीच म्हणाली, "ओके म्हणायच्या."

एवढंच?
एवढंच.

टेम्पोत माझ्याआधी चढली.
बापूनं जाण्यायेण्याचे दोनशे लावले,
दीडशे दिले, पन्नास अजून उधार आहेत.

आता रात्री दोनपर्यंत माग चालवतो.
मध्येच लाईट जाते.
काळोखात पट्ट्याची कडी वाजते, म्हणजे मान वर झाली.
"हाय गं," मी म्हणतो,
"हितंच हाय."