वजनकाटा, उसगाव

नवा पडदा खोक्यातच आहे अजून.
चवथीच्या आधी आला, सपाट, हलका,
एका काखेत मारून आणला सुकडोने.
जोडला तर निळ्यावर एकच ओळ: सिग्नल नाही.
फोंड्याचा मेकॅनिक म्हणाला,
"बाये, तुमचो प्रोग्राम म्हातारो जालो,"
आणि चहा पिऊन गेला.

म्हणजे जुनाच. हिरव्या अक्षरांचा,
पाठीला घमेल्याएवढं कुबड.
आधी घसा खाकरतो,
मग लांबच्या पाणंदीतून कुणी यावं
तशी अक्षरं येतात.
त्याच्या उबेला मांजर झोपतं.
जुलैत मीही ओली वेणी सुकवली आहे तिथे.
साहेबांना सांगायचं नाही.

माझ्या आधी या खुर्चीत रुझार होता,
एकवीस वर्षं.
खाणी चालू होत्या, मिनिटाला एक ट्रक,
पापण्यांपर्यंत लाल झालेला ड्रायव्हर
नंबर ओरडायचा
आणि हा बोटांकडे न बघता टंकायचा.
एकदा सलग अठरा तास.
घरी जाऊन बायकोला म्हणाला,
ताटातला भात गुलाबी का गं दिसतो?

खाणी बंद झाल्या. चालू झाल्या. बंद.
आता येतं ते भंगार, काजूची पोती,
कधी मंडपाचे खांब.
ट्रक नसला की सुकडो स्वतःच चढतो काट्यावर.
साठ.
पुढच्या महिन्यात, तापातून उठल्यावर, साठ.
वीस-वीस किलोंनी मोजतो हा काटा,
मधलं त्याला कळत नाही.

वीज गेली की काच काळी होते,
कोरी होत नाही.
खिडकीच्या तिरक्या उजेडात दिसतात
जळून रुतलेले शब्द:
ग्रॉस, टेअर, नेट.
भरलेला, रिकामा, आणि उरलं ते.
पुढे, जिथे आकडा यायचा,
तिथे सगळ्या आकड्यांवर सगळे आकडे बसून
झालेले धुरकट आठ.
आठ आठ आठ आठ आठ.

परवा रुझार आला होता,
पेन्शनच्या कागदावर शिक्का हवा होता.
वीज नव्हती. शिक्क्याची शाईही वाळलेली,
मी थुंकी लावून उठवला कसाबसा.
पडद्याकडे त्याने बघितलं नाही.
कागद घडी करून खिशात घातला,
छत्री घेतली,
आणि जाता जाता
एन्टर दाबला.