मोजे

नगरपालिकेच्या हॉलमध्ये त्रेचाळीस गाडीवाले,
दोन पंखे, त्यातला एक चालू.
मीच वाटले होते मोजे,
पातळ, पारदर्शक, माणशी शंभरांचं एक पुडकं.
फळ्यावर मी एक हात काढला,
त्याच्यावर खडूचे ठिपके: हे जंतू.
मागून कुणीतरी म्हणालं,
"हाताक गोवर इलोसो वाटता."

तीन आठवड्यांनी मालवणच्या जेट्टीवर
शेवंती मेथरच्या गाडीपाशी उभा राहिलो.
किल्ल्यावरून परतलेले पर्यटक,
ओल्या चपला, कडकडून भूक.
तिच्या उजव्या हातात मोजा.
मोज्याने तिने बांगड्याला मसाला चोळला,
पाचशेची नोट घेतली, सुटे दिले,
कपाळ पुसलं, गॅसचा कान पिळला,
कुत्र्यावर काठी उगारली,
आणि घावण्याची घडी घातली,
लुगड्याची घालावी तशी, हलक्या हाताने.

मी हळूच म्हटलं, मावशी, मोजा...
"घातलंय मा!"
तिने हात वर केला,
शाळेत हजेरी द्यावी तसा.

गर्दी ओसरली तेव्हा तिने तो सोलून काढला.
आतला हात उकडलेला, पांढुरका, सुरकुतलेला.
बघत राहिली त्याच्याकडे,
मग तव्याला सांगावं तसं म्हणाली,
"हात चिकट झालो तर हाताक कळता.
खवल्यांचो वास इलो, कळता.
ह्या कातड्याक काय कळता?
तेका वाटता, मी सदाच सोवळ्यात."

गाडीखाली तिचं तोटीचं पिंप होतं,
वर झाकण, झाकणावर दगड,
आणि तोटीला लोंबणारा साबण,
नातवाच्या शाळेच्या फाटक्या पायमोज्यात बांधलेला.
"हो मोजो कामाचो," ती म्हणाली.

फडकं मात्र एकच.
फळी तेच पुसत होतं, सुरी तेच, ताटलीही तेच.
मी सांगितलं.
ती रागावली, अगदी थोडी,
मग आधणात टाकलं ते, चिमट्याने दाबून धरलं:
"उद्या दुसरा हाडतंय."

शेजारी विलास झाडच्या सरबतात
ट्रॉलरच्या पेटीतला बर्फ तरंगत होता.
एका खड्यात अडकलेला खवला,
अभ्रकासारखा चमकणारा.
विलासच्या दोन्ही हातांत मोजे. कोरे.

माझ्या तक्त्यात रकाने चार:
टोपी, मोजे, ॲप्रन, कचऱ्याचा डबा.
विलासला पैकीच्या पैकी.
तोटीला रकाना नव्हता.
बर्फ कुठल्या पेटीतला, यालाही नव्हता.
समासात बोटभर जागा होती,
तिथे बारीक अक्षरात लिहिलं: बर्फ. पुन्हा येणे.
शिक्का मारला.
शिक्का नेमका त्या अक्षरांवर बसला.

दोन वाजून गेले होते.
बाकावर टेकलो, म्हटलं, एक ताट द्या.
तिने विचारलं, "हात?"
उठलो, तोटी सोडली,
पायमोज्यातला साबण चोळला,
खिशातल्या रुमालाला पुसणार होतो,
तिने मान हलवली, वाऱ्यावर धर म्हणून.
समोरून होडी चाललेली, डिझेलचा वास,
मी दोन्ही हात पसरून उभा,
फळ्यावरच्या चित्रासारखा.

तिने ताट वाढलं,
पण हातातून सोडलं नाही.
माझ्या अंगठ्यापाशी शिक्क्याची शाई,
जांभळी, नखाच्या कोपऱ्यात.
"नखां," म्हणाली.
"परत."