खल

शृंगारतळीच्या गुरांच्या दवाखान्यातून
दोन लिटर द्रव नायट्रोजन उसना मिळाला.
वळूंचं बीज ज्यात गोठवून ठेवतात, तोच.
भागुराम तांब्यांनी तो स्कूटरवर, दोन पायांत धरून,
वाफेची शेपटी मागे सोडत
गुहागरात आणला.

थर्माकोलच्या वाटीत काळी चकती,
तिच्यावर नखाएवढं चुंबक,
भोवती बी.एस्सी.ची अकरा मुलं, मोबाइल रोखून.
नायट्रोजन उकळला, मग निवला.
चुंबक बसून राहिलं
जेट्टीवरच्या कुत्र्यासारखं.

"बाय, त्ये काय उठत न्हाय."

मी भट्टी तपासली. ऑक्सिजनची नळी.
खारी हवा, मंगळवारची वीज गेलेली रात्र,
आणि मग विचारलं, जरा मोठ्यानेच,
खलाला कुणी हात लावला होता?

तांबे थांबले.
मीच घासला व्हता, म्हणाले, राखेनं.
आणि खिडकीबाहेर सुरूंकडे बघत राहिले.
हा प्रश्न त्यांनी आधी कुठे ऐकला असेल
ते मला संध्याकाळपर्यंत सुचलं नाही.

मुलांना सांगत होते:
शिशासारख्या साध्या अतिसंवाहकात
इलेक्ट्रॉनची जोडी सगळ्या दिशांना सारखी.
वाटेत परका अणू आला तर वळसा घालते,
फारसं बिघडत नाही.
आपलं हे तांब्याचं ऑक्साइड तसं नाही.
याच्या जोडीला दिशा कळते.
इकडे अधिक, काटकोनात वजा.
पालशेतच्या खाडीत कसं,
भरतीचं पाणी आत, ओहोटीचं बाहेर.
आता भरती-ओहोटी एकाच वेळी वाहतेय असं समजा,
आपापल्या वाटेने,
आणि मधे टाका एक खडक.
अधिकातलं वजात, वजातलं अधिकात,
गरगर, फेस,
बेरीज शून्य.

तांब्याच्या शंभर जागांत तीन जागी जस्त बसलं
की नायट्रोजनची थंडी पुरत नाही.
आणि जस्त बिचारं काही करत नाही हो.
अंगात चुंबकत्व नाही, कुणाला ढकलत नाही.
चुंबकत्व असलेलं निकेल त्यामानाने परवडतं.
हे नुसतं गप्प बसतं तांब्याच्या जागेवर,
आणि आजूबाजूची घरं विस्कटतात.
अणूएवढ्या सुईने चाचपलं तर त्याच्याभोवती
पिटकुळीच्या फुलासारखा
चारपाकळी ठसा दिसतो.
माझी पीएच.डी.ची चार वर्षं त्या फुलात गेली.

मुलं गेल्यावर रजिस्टर चाळलं.
मार्च महिना. माझंच अक्षर.
तांब्याच्या ऑक्साइडच्या बाटलीत
तीन टक्के जस्त, मीच मिसळलेलं,
जुनी खोड म्हणून.
लेबल दमट हवेनं गळून
कपाटाच्या तळाशी पालथं पडलं होतं.

तांब्यांना पान दाखवलं.
त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं, तारखेसकट.
"आमच्या आजीला वरच्या विहिरीवर
आसंच इचारायचे," म्हणाले. "लांबून."

मला काहीतरी बोलायचं होतं.
बोलले ते भलतंच, फळ्याकडे तोंड करून बोलावं तसं:
बाहेरून जादा ऑक्सिजन न शिरलेला, अगदी चोख स्फटिक
वीज वाहूच देत नाही, तांबे.
एकेक तांबं शेजारच्याच्या उलट तोंड करून उभं,
सगळं जागच्या जागी, सगळं सोवळ्यात,
कुणी कुणाकडे जात नाही.
काहीतरी आत घुसावं लागतं,
तेव्हा कुठे...

"हां," तांबे म्हणाले.
ते ऐकत होते की नव्हते, कोण जाणे.
वाटीतला उरलेला नायट्रोजन
फरशीवरून पांढरा सरपटत दाराकडे निघाला होता.
त्यांनी खल उचलला,
माझ्यापुढे ठेवला.

"ह्या येळेला तुमी घासा."

राख नळाजवळच्या करवंटीत होती.