वर्गणी

जतच्या ज्युनिअर कॉलेजात
अर्थशास्त्राचा मी एकटा.
लवचीकता शिकवताना अडलो तर
विचारायचं कुणाला? घंटेला?

संघाची वर्गणी दोनशे. बायको म्हणाली,
परतावा काय?

तासगावच्या बैठकीत, पोह्यांच्या रांगेत,
कवठ्याच्या होनमाने बाईंनी
पिशवीतून मूठभर बेदाणे काढले:
हिरवे, पिवळे, काळपट.
"वर्गात आधी हे वाटा.
भाव पोरांनाच पुकारू द्या.
वक्र मग काढा."

सोमवारी बारावी ब मध्ये सौदा पेटला.
मागच्या बाकावरचा बिरू, कधी न बोलणारा,
ओरडला, "सर, माल संपत आला,
आता भाव मी सांगणार!"

वक्र काढायचा राहूनच गेला.

पावती अजून खिशात आहे,
तिला एक बेदाणा चिकटलाय.
बायकोला दाखवायचीय.